मोठा टीव्ही आणि स्कूटरची किल्ली

पंधराएक वर्षं झाली असतील. चिक्कडपल्लीच्या आमच्या घरात मुलानं भिंतभर टीव्ही आणला. जुना डब्बा टीव्ही चांगला चालत होता, पण त्याच्या ऑफिसात सगळ्यांनी नवे घेतले होते. खोक्यावर एचडी अशी दोन इंग्रजी अक्षरं होती. मी भालकीकडच्या गावात चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले, ती अक्षरं मला मुलानंच वाचून दाखवली. म्हणाला, यात सगळं आरशासारखं स्वच्छ दिसतं. सुनेनं टीव्हीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि जुनी केबलची वायर त्याला जोडली.

मग आठवडाभर लोक बघायला येत होते. आमच्यात नवी वस्तू बघायला आलेला माणूस चहा पिऊन नावं ठेवत नाही. शेजारची तेलुगू बाई येऊन 'चाला बागुंदि' म्हणाली, म्हणजे फार छान. वरच्या मजल्यावरचे मियाँसाब हौ हौ, म्हणजे हो हो, करून गेले. आमचे मालक, म्हणजे मुलाचे वडील, तेवढे म्हणाले, चित्र पुसट आहे.

शिवाय माणसं आडवी दिसतात, असंही म्हणाले. बातम्या सांगणारी बाई आली की विचारायचे, "ही गेल्या आठवड्यापर्यंत बारीक होती, एवढ्यात कुणी खाऊ घातलं हिला?" मुलाला ते लागायचं. वस्तू त्यानं हौसेनं आणली होती.

एका रविवारी मॅच लागली होती. मुलानं मालकांना खुर्चीवर बसवलं आणि खेळाडूच्या पाठीवरचं नाव वाचायला सांगितलं. त्यांना वाचता येईना. मुलानं लगेच नाव सांगितलं. त्याला खेळाडू चालण्यावरूनच ओळखू येतात, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग त्यानं मला विचारलं, "आई, तुला दिसतंय ना नीट?" मी म्हणाले, दिसतंय की. मला नेहमी जसं दिसायचं तसंच दिसत होतं.

झालं. मालकांचे डोळे गेले असं ठरलं. एचडीवर दिसत नाही त्याला नारायणगुड्याच्या चौकात काय दिसणार, असं म्हणून मुलानं दाराजवळच्या खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढली आणि आपल्या ऑफिसच्या बॅगेत टाकली.

स्कूटर गेली म्हणजे त्यांचं सगळंच गेलं. भाजी तेच आणायचे. सकाळी बरकतपुऱ्यात निवृत्त मराठी लोकांची बैठक असायची, तिथं जायचे. गुडघे दुखतात म्हणून पायी चालवत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी ऑटोवाला यायचा नाही. घरीच बसायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं तर त्यानं तपासून सांगितलं की वयाच्या मानानं नजर चांगली आहे, चष्म्याचा नंबरही बरोबर आहे. मुलगा म्हणाला, डॉक्टरच्या खोलीतली अक्षरं वेगळी आणि रस्त्यावरची गर्दी वेगळी. किल्ली बॅगेतच राहिली. मालक टीव्हीकडं पाठ करून पेपर वाचत बसायचे. बारीक अक्षरसुद्धा वाचायचे, पण त्याचा कुणी विचार केला नाही. मीही केला नाही.

पुढं नल्लकुंट्याला नणंदेच्या घरी बारसं होतं. आम्ही सगळे गेलो. तिच्याकडंही टीव्ही होता, आमच्याच कंपनीचा, आमच्याएवढाच. जेवणं होऊन पुरुष मॅच बघत बसले होते. मालकांना दाराजवळ जागा मिळाली होती. तिथून त्यांनी एका खेळाडूच्या पाठीवरचं नाव मोठ्यानं वाचलं. मग दुसऱ्याचं. तिसरा पोरगा संघात नवीन होता, मुलाला ओळखू येईना. मालकांनी त्याचंही वाचलं. म्हणाले, "बघ बाबा, बरोबर आहे का. मला काय, दिसत नाही."

मुलगा टीव्हीच्या जवळ जाऊन उभा राहिला. मग त्यानं नणंदेच्या मुलाला विचारलं, की आमच्याकडं असं का दिसत नाही. तो हसायलाच लागला. "अरे, तू साधी केबल लावून बसलायस होय? एचडीचा बॉक्स वेगळा, चॅनल वेगळे. नुसता टीव्ही घेऊन काय होतंय?"

घरी येताना मुलानं मला ते समजावून सांगितलं. चित्र ठिपक्यांचं असतं म्हणे. मला रांगोळीवरून कळलं. नव्या टीव्हीचं अंगण मोठं, आणि केबलवाला ठिपके पाठवत होता जुन्या अंगणापुरते. तेवढेच ठिपके सगळीकडं पसरले की रांगोळी विरळ होते, आणि आडवी ओढली की माणसं जाड होतात.

नवा बॉक्स आला. बसवणारा माणूस गेल्यावर मुलानं मॅच लावली. सून म्हणाली, गवताची पात न् पात दिसतीय. मुलगा माझ्याकडं वळला.

"आई, आता बघ. फरक कळतोय ना?"

मी नीट बघितलं. म्हणाले, "कसला फरक? आधी होतं तसंच आहे."

मालक टीव्ही सोडून माझ्याकडं बघत होते. मग मुलाला म्हणाले, "आता हिची कुठली किल्ली काढून घेतोस?"

मुलानं बॅग उघडली, किल्ली काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. माफी वगैरे मागितली नाही. आमच्याकडं तशी पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडं नेतो एवढं म्हणाला. मालक म्हणाले, तू ऑफिसला जा, मी नेतो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. बराच पिकला होता. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस आला का नाहीत? मी म्हणाले, सगळे म्हणत होते डोळे यांचे गेलेत.

परत येताना नारायणगुड्याच्या चौकात सिग्नलला स्कूटर थांबली. मालकांनी पुढच्या बसची पाटी मला वाचायला सांगितली. मला नुसता पांढरा पट्टा दिसला, तसं मी सांगितलं. मग त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली, मागच्या ऑटोवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पाटी तेलुगूत होती. चांगल्या डोळ्यांनीही मला ती वाचता आली नसती. मी तसं बोलले नाही. सिग्नल सुटला होता आणि त्यांना गाडी चालवायची होती.