दाजींची आवाजमोजणी

जमिनीसारखी आवाजाचीही मोजणी करून त्याच्या हद्दी कायम करता येतात, असं मानणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. दाजींची सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. निवृत्तीनंतर मोजायला बांध उरले नाहीत, तेव्हा त्यांनी जाफराबादच्या घरात बैठकीच्या खोलीत दोन थोराड स्पीकर आणून उभे केले आणि गाणी ऐकण्याऐवजी ती खोलीच मोजायला घेतली. भिंती आवाज परतवतात, त्यामुळे गाणं बिघडतं. ते सुधारण्याची सोय त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होतीच. यंत्र आपणच चार शिट्ट्या वाजवायचं, आपणच ऐकायचं आणि काम झालं म्हणून सांगायचं. दाजींना हे बिलकुल पटेना. "ज्याची जमीन त्यानंच मोजली तर चालतं का, मास्तर?" असं मला विचारून त्यांनी पेन्सिलीएवढा एक वेगळा मायक्रोफोन मागवला, तो तिपाईवर बसवला आणि लॅपटॉपवर आलेख काढू लागले. यंत्राची दुरुस्ती आणि दाजींची दुरुस्ती कधीही जुळली नाही.

मोजणीला शांतता लागे. भर मे महिन्यात पंखा बंद, फ्रीज बंद, शेजाऱ्यांची शेळी पलीकडच्या गल्लीत. एकदा आलेखात मधेच एक सुळका निघाला. दाजी दोन दिवस भिंतींवर बोटं वाजवत हिंडले आणि मग मला फोन आला, "सापडलं! कुकरची शिट्टी हाये. तुमच्या आक्काची डाळ शिजून राह्यल्ती." एका वर्षी वेचणीचा कापूस त्याच खोलीत छताला टेकेपर्यंत भरला होता. त्या कापसानं आवाज इतका स्वच्छ झाला की दाजी व्यापाऱ्याला घरात पाऊल टाकू देईनात. शेवटी आक्का दारात उभी राहिली. "अहो, कापूस विकायचा हाये का ऐकायचा?"

पण अखेरचा निकाल आक्काचाच असे. हातातलं काम टाकून, पदराला हात पुसत ती वेताच्या खुर्चीत बसायची. दाजी एकच गाणं दोनदा लावायचे, एकदा यंत्राच्या दुरुस्तीनं, एकदा आपल्या. "दुसरं बरं हाये. पहिलं पिपातून येऊन राह्यलं," एवढं म्हणून ती पुन्हा स्वयंपाकघरात. दाजी ते वहीत उतरवून घेत. त्यावर अपील नव्हतं.

आक्का गेली आणि दाजींनी गाणं लावणं सोडलं. दोन दुरुस्त्या समोर होत्या, निकाल द्यायला कुणी नव्हतं. मी भेटायला गेलो की गल्लीच्या तोंडापासूनच ती मोजणीची शिट्टी ऐकू यायची, खर्जातून वर वर चढत बारीक होऊन विरणारी. बहिणीच्या घरातून तेवढाच आवाज. परत आलो की पुढचे काही दिवस मला पुस्तकाचं एक पान धड वाचता येत नसे. त्या घरात पुन्हा एखादं गाणं लागावं, एवढंच वाटे.

एका रविवारी त्यांचा फोन आला. "मास्तर, तुमी या. तुमी एका आईची लेकरं. कान सारखेच असतील."

मी एसटीनं गेलो. दाजींनी मला आक्काच्या खुर्चीत बसवलं, बाजूला जाऊन एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "थोडं खाली."

"म्हणजे?"

"मोजणी तिच्या कानाच्या उंचीवर केलेली हाये. तुमी वीतभर वर जाऊन राह्यले."

मी खुर्चीत घसरत गेलो, गुडघे टेबलाला लागेपर्यंत. गाणं दोनदा वाजलं. दाजी उघडी वही घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. खोटं बोलवेना.

"दाजी, मला काही फरक कळत नाही."

त्यांनी वहीची मागची पानं उलटली. "तिला तरी कुठं कळायचा?"

"मग?"

"सांगायची ती. मंग मी निवांत गाणं ऐकायचो."

मी डोळे मिटले. "दुसरं बरं आहे," म्हणालो.

दाजींनी ते सावकाश लिहिलं. लॅपटॉप मिटला, स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले आणि गाणं पहिल्यापासून लावलं. माझी मान अवघडली होती. पण सरळ बसावंसं वाटेना. गाणं संपेपर्यंत मी तसाच राहिलो, वीतभर खाली.