फलाटावरचं दही

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. लोणावळ्यात मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते. कुणी अंगारे-धुपारे घेऊन समोर आलं की माझं डोकं फिरायचं. सासूबाई तर चारचौघांत म्हणायच्या, "आमच्या सूनबाईंना देवाधर्माचं वावडं आहे." असेना का! तेव्हा हे वाचून कुणाला वाटलं की बाई त्या दिवशी हळव्या झाल्या असतील, तर मी रागावणार नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. माझं माहेर औंढ्याचं, लोणावळ्यापासून पायी येण्याजोगं. आमचे 'हे' स्टेशनवर मालधक्क्याच्या ऑफिसात कारकून. माझा धाकटा भाऊ शिवराम – आमचा शिवा – पलटणीत भरती झाला होता. ट्रेनिंग संपलं आणि पलटण एकदम समुद्रापार निघाली. घरी यायला रजा मिळाली नाही. त्याच्याच पलटणीतला कान्हे गावचा पांडू तेवढा आपल्या वडलांच्या दिवसकार्याला येऊन गेला, तो औंढ्याला निरोप ठेवून गेला... अवसेच्या आसपास गाडी लोणावळ्यावरून मुंबईला जाईल, आधीच लेकीकडे येऊन राहा. मुंबईकडे जाणारी गाडी लोणावळ्याला थांबतेच. पुढे घाटाचा उतार, ब्रेक तपासल्याशिवाय सोडत नाहीत.

आमच्या आईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. घरचं माणूस लांब निघालं की त्याच्या हातावर दही घालायचं, त्याने ते चाटायचं, आणि "येतो" म्हणून निघायचं. "जातो" म्हणायचं नाही. शिवा भरतीला गेला तेव्हा आई तिच्या बहिणीकडे गेली होती, त्यामुळे हे राहून गेलं होतं. आता समुद्रापार जायच्या आधी तरी त्याच्या हातावर घरचं दही पडलं पाहिजे, बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

मी सांगून पाठवलं की अवसेच्या आदल्या दिवशीच निघा. आबांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, उलट निरोप पाठवला की अवसेला कुणी घराबाहेर पाऊल टाकतं का? सरकार झालं म्हणून काय, पोरांना लढाईवर धाडायचं म्हणजे चांगला दिवस बघूनच धाडील की. ते आपले अवस उलटल्यावर सावकाश निघाले. सरकारला अवस काय आणि पुनव काय! एक मिलिटरी गाडी अवसेच्या पहाटेच घाट उतरून गेली होती. ह्यांनी मला ते सांगितलं, वर हेही सांगितलं की दुसरी एक उद्या दुपारी आहे. कुठली गाडी कुणाची, ते स्टेशनात कुणालाच ठाऊक नसायचं. मी मनाशी म्हटलं, दुसरीत असेल आपला शिवा.

दुसऱ्या दिवशी आई-आबा आले. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तिला माणूस नुसतं सावलीसारखं दिसायचं. एका हाताने आबांचा खांदा धरलेला आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं दह्याचं बुडकुलं. औंढ्यापासून तिने ते दुसऱ्या कुणाकडे दिलं नव्हतं. पहाटेच्या गाडीचं तिला सांगायचा मला धीर झाला नाही.

ह्यांनी स्टेशनमास्तरांना विचारून आम्हाला फलाटावर सोडलं. थंडीचे दिवस, पण ऊन चांगलं होतं. गाडी आली ती खिडक्याखिडक्यांतून माणसं भरलेली. मी पहिल्या डब्यापासून पळत सुटले. कुठली पलटण, शिवराम आहे का, म्हणून विचारत होते. कुणाला माझं बोलणं कळेना. सगळे मद्रासकडचे असावेत. पण काय विचारतेय ते त्यांना कळलं. आईकडे बघितल्यावर न कळायला काय झालं! त्यांनी ते नाव उचललं आणि पुढच्या डब्याला ओरडून सांगितलं, त्यांनी त्याच्या पुढच्या... अख्खी गाडी "शिवराम, शिवराम" म्हणून हाका मारत होती. ज्याला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी! शेवटच्या डब्यातून एकाने हात हलवून नाही म्हणून सांगितलं. शिवा त्या गाडीत नव्हता. तो कालच गेला होता.

परत आले तर आई फडकं सोडून उभी होती. "कुटं हाय गं त्यो? लवकर आन त्याला," म्हणाली. मी आबांकडे बघितलं, आबांनी मान खाली घातली. काय सांगायचं तिला?

तेवढ्यात समोरच्या डब्यातून एक पोरगा उतरला. हो, पोरगाच. उंच, हडकुळा, अंगावरचा सदरा दोन माणसं मावतील असा. त्याने आईच्या डोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. त्याला काय कळायचं ते कळलं. तो पुढे आला, आईसमोर वाकला आणि त्याने उजवा हात पसरला.

आईने चाचपून त्याचा तळवा धरला, त्यावर दही घातलं. त्याने चाटून खाल्लं. मग तिने त्याच्या तोंडावरून, डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आत्ता हिला कळणार. पण ती एवढंच म्हणाली, "येतो म्हन, बाळा."

मी माझ्या मोडक्या हिंदीत त्याला हळूच म्हटलं, बोलो 'येतो'. त्याचे ओठ हलले. आणि तो बोलला –

"न्हाई म्हनत, आये. तुला खोटं कशाला सांगू?"

आवाज शिवाचा होता. आवाजासारखा आवाज म्हणत नाही मी. थोडा बसका, शेवटचा शब्द गिळणारा, आमच्या शिवाचा. मी मागे वळून बघितलं, शिवा कुठून मागच्या बाजूने आला की काय... मागे कुणी नव्हतं. आबांच्या हातातली काठी खाली पडली होती.

आणि तो पोरगा? तो माझ्याकडेच बघत होता, शब्द नीट न ऐकू आलेल्या मुलासारखा. त्याने मला विचारलं, "येटो?" म्हणजे मगाशी आपण काही बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं!

इंजिनाने शिटी दिली. आईने घाईघाईने त्याच्या हातावर पुन्हा दही घातलं आणि म्हणाली, "आता तू म्हन." तो हात चाटतच पळाला, दांडीला लटकला आणि गाडी हलल्यावर मोठ्याने म्हणाला, "येटो, अम्मा." आईने हात वर केला. गाडी घाटाकडे वळून दिसेनाशी झाली तरी ती तशीच उभी होती.

हे चार पावलांवरच होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, तो त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला, मराठी-बिराठी काही नाही. पण मी ऐकलं, आबांनी ऐकलं, आईने ऐकलं. तिघांनी तेच ऐकलं, शब्दाला शब्द.

त्या दिवसापासून आईने एकच धोशा लावला, शिवाला माघारी बोलव. तू शिकलेली हायेस, सायबाला सांग. मी कुणाला सांगणार होते? आणि काय? फलाटावर एका परक्या शिपायाच्या तोंडून माझा भाऊ बोलला, तेव्हा त्याला परत पाठवा? तरी गेले. तळेगावात एक पेन्शनर सुभेदार होते, त्यांच्यापुढे सगळं सांगितलं. हसले नाहीत बिचारे. त्यांनी माझ्यासाठी चहा करवला आणि म्हणाले, "बाई, माझा थोरला आहे तिकडं. बोलावता आलं असतं तर मी त्याला ठेवला असता का?" चहा पिऊन घरी आले.

आणि खरी शिक्षा तर पुढेच होती. शिवाची खुशालीची पत्रं येत राहिली! मी औंढ्याला जाऊन ती आईला वाचून दाखवायचे. मजेत आहे, खायला भरपूर आहे, काळजी नसावी. आई सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "अजून हाय न्हवं त्यो? मग अजून बोलवता येतंय." माणूस जिवंत आहे, तो परत येणार नाही हे आपल्याला कळलंय, आणि हातात काही म्हणजे काही नाही... अशा वेळी देव मानणाऱ्यांचं बरं असतं, भांडायला तरी कुणी असतं. मी रात्रंदिवस नुसती चिडायचे, पोरींवर, ह्यांच्यावर.

पुढच्या वर्षी तार आली.

लढाई संपल्यावर पांडू परत आला. त्याला मी खोदून खोदून विचारलं, अवसेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शिवा कुठे होता? म्हणाला, "मुंबईच्या बंदरात, माझ्या शेजारी. बिस्तऱ्यावर डोकं ठेवून घोरत हुता. उठला आन म्हनाला, लय भूक लागली." बस्स. त्याला काही झालं नव्हतं, काही दिसलं नव्हतं. मेलेल्याचं भूत म्हणावं तर तो चांगला जिवंत होता. मनाचे खेळ म्हणावे तर तिघांच्या मनाने एकच खेळ कसा खेळला? मी बरीच वर्षं डोकं आपटलं. हात टेकले.

आई त्यानंतर फार वर्षं राहिली नाही. शेवटच्या दुखण्यात ती माझ्याकडे होती. एका दुपारी मी तिला भात भरवत होते आणि मला राहवलं नाही. म्हटलं, आई, त्या दिवशी गाडीत शिवा नव्हता गं, तो दुसराच कुणी होता, आम्ही तुला फसवलं. तिने तोंडातला घास संपवला.

"डोळं गेलं हुतं, हात न्हवतं गेलं. हात लावला तवाच कळलं, दुसऱ्याचं लेकरू हाय."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"त्यो आपनहून हात पसरून आला. त्याला काय तसाच वाटंला लावायचा व्हय? त्याची आई तितं कुटं घरला बसली असंल." मग तिनेच विचारलं, "त्यो गेला का गं त्याच्या घरला?"

आम्ही त्याला नावसुद्धा विचारलं नव्हतं. मरेपर्यंत तिने मला हेच विचारलं, शिवाचं नाही.

त्या आवाजाचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, वाचीन. पण खरं सांगू? आता त्याचीही फारशी ओढ राहिली नाही. लोणावळ्याच्या फलाटावर एका आंधळ्या बाईच्या हातून दही खाल्ल्याची गोष्ट तिकडे दक्षिणेत कुणाच्या आजोबांनी, कुणाच्या मामांनी घरी कधी सांगितली असेल, तर तेवढं मात्र मला कळवा.