अमाल्फीच्या डोंगरातली हाळी

महाडच्या बाजारपेठेत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. जे तराजूत बसतं ते खरं, असा माझा सरळ हिशोब. कशेडी घाटातल्या पांढऱ्या साडीवालीबद्दल तुम्ही काही ऐकलं असेल, तर त्यातले दोन-तीन बारकावे चहाच्या टपरीवर ट्रकवाल्यांना मीच पुरवलेले आहेत... त्यामुळे न उलगडलेल्या खऱ्या अनुभवांच्या या सदरात लिहायची माझी लायकी नाही, हे मान्य. पण गेल्या मे महिन्यात इटलीत, भर उन्हात जे घडलं त्याला माझ्याखेरीज अख्खा चौक साक्षीला आहे.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, बायको सुनीता, थोरला भाऊ – म्हणजे दादा – आणि वहिनी. दादा-वहिनी कापडे गावाच्या वरच्या वाडीत राहतात, भातशेती करतात. दादाने शेती सांभाळून एमआयडीसीत कंप्रेसरशेजारी शिफ्टही केल्या आणि कान तिथेच ठेवून आला. डाव्या कानात मशीन आहे, उजवा नुसता शोभेला.

टूरमधला तो एक दिवस समुद्रकाठच्या गावांचा होता. सकाळी सोरेंटोहून मिनीबस निघाली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल खाली निळाशार समुद्र. समोरून गाडी आली की बसमधले पुणेकर डोळे मिटून घेत होते. दादा मात्र खिडकीला नाक लावून. म्हणाला, "ह्यो कशेडीच हाय रे. फक्त दरड उचललीय."

पोसितानोत घरं डोंगराला अशी चिकटलेली की एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण. वहिनींनी पपनसाएवढं लिंबू उचललं, वास घेतला, खाली ठेवलं, परत उचललं. "लोणचं घालाया बरणी नाय, पिंप लागंल गो," त्या सुनीताला म्हणाल्या. मी बर्फाचं लिंबू सरबत तीन ग्लास रिचवलं आणि दर ग्लासाला नवा फोटो काढून घेतला.

दुपारी अमाल्फी. चौकात पट्टेरी दगडाचं चर्च, त्याला उंचच उंच जिना, आणि मागे डोंगरावर लिंबाच्या बागांचे टप्पे. कागदाच्या पुडक्यात तळलेले लहान मासे मिळत होते. दादाने एक तोंडात टाकून निकाल दिला, "मांदेलीच. जरा अंगानं भरलेली."

साडेचारला शेवटची बोट होती. पलीकडे सालेर्नोला आमची बस उभी, ती थेट रोमला निघणार. चारला डोकी मोजली तर दादा नाही.

त्याचा फोन माझ्या खिशात. बीपीच्या गोळ्या वहिनींच्या पिशवीत. मशीनचा सेल सकाळीच संपलेला, दुसरे सेल बसमधल्या बॅगेत. म्हणजे ठार बहिरा माणूस, परक्या गावात, आणि इंग्रजी म्हणाल तर 'थँक्यू' एवढंच.

टूर लीडर ही चटपटीत मुलगी, पण तिचाही चेहरा उतरला. "काका, बोट थांबणार नाही. मला बाकीच्यांबरोबर जावंच लागेल."

मी गल्ल्यांमधून धावलो. एका पोलिसाला मिशी, पोट आणि बहिरा कान असा सगळा अभिनय करून दाखवला. त्याने मला प्रेमाने औषधाचं दुकान दाखवलं. वीस मिनिटं उरली. सुनीता रडायला लागली. वहिनींनी पदर खोचला आणि ताडताड चर्चचा जिना चढल्या.

आमच्या डोंगरात फोनला रेंज आली ती आत्ता. त्याआधी वाडीवरून खालच्या शेतात निरोप जायचा तो हाळीने. एक लांब, दोन आखूड. ऐकणाऱ्याने उलट द्यायची – दोन आखूड, एक लांब.

मी मागून ओरडलो, "वहिनी, त्याला ऐकाया येत नाय."

"भावजी, तुमी गप ऱ्हावा. सारा जन्म ह्यांना भाकरीला असंच बोलावलंय."

कूऽऽऽऽ... कू, कू.

कबुतरं उडाली. वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी थिजला. चौकातली बडबड थांबली. आणि वर, लिंबाच्या बागांतून उत्तर आलं... कू, कू. कूऽऽऽऽ.

प्रतिध्वनी म्हणाल? प्रतिध्वनी क्रम बदलत नाही. आणि आवाज पुरुषाचा होता.

आम्ही सगळे डोंगराकडे बघतोय, तर दादा उगवला समुद्राकडून. बोटीच्या धक्क्याकडून. हातात माशांचं दुसरं पुडकं.

"वरडतीस काय गो? सगळा गाव बघतोय."

मी कानाला हात लावून खुणेने विचारलं, ऐकलंस कसं?

"हिची नाय ऐकली," दादा म्हणाला. "डोंगरातून कोन तरी हाळी देत व्हता, म्हणून वर बघितलं. तर पायऱ्यांवर ही उभी." मग चघळता चघळता विचार करून म्हणाला, "आपल्या वाडीचा नव्हं. शेवटाला सूर वर उचलतो. सावित्री नदीच्या पल्याडचा असंल."

मशीन त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. मी काढून बघितलं, बंद.

चौकाने टाळ्या वाजवल्या. वेटरने अख्खा लिंबाचा केक वहिनींच्या हातात ठेवला. चार मिनिटं शिल्लक असताना आम्ही बोटीवर चढलो, आणि मी असा चढलो की जणू ते गाव मीच जिंकलं होतं.

परत आल्यावर दादाला महाडच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मशीनशिवाय एकाही आवाजाला त्याने बोट वर केलं नाही. दादाने स्वतः सावित्रीपलीकडची गावं पालथी घातली – तुमचा कोणी इटलीत आहे का? दुबईला होते, मस्कतला होते, इटलीत कोणी नाही. मला आजही याचा उलगडा झालेला नाही, आणि खरं सांगतो, आता घाईही नाही.

हां, बोटीवरचं सांगायचं राहिलं. माणूस सापडला की शेवटची एक लांब हाळी द्यायची असते, नाहीतर ज्याने ओ दिली तो बिचारा शोधतच राहतो. बोट सुटल्यावर वहिनी कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती दिली. मी कान टवकारले. इंजिनाची धडधड, बाकी काही नाही. सुनीतालाही काही नाही.

दादा वहिनींकडे आणि डोंगराकडे पाठ करून शेवटचा मासा खात होता. मध्येच थांबला, मागे वळला, आणि डोंगराकडे बघून त्याने हात वर केला.