अक्काचं जेवणाचं टेबल

अक्का गेल्याची बातमी मला किसननं आणली. किसन आमच्याच गावचा, आता देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला असतो. त्या दिवशी तो सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला अक्काकडे गेला होता, आणि तसाच परत फिरून तळेगावला माझ्या दारात येऊन उभा राहिला. हातात टोपी. मी त्याला आत ये म्हणाले तरी तो आत येईना. "बाई, अक्का गेल्या," एवढंच बोलला. मग थोड्या वेळानं त्यानं सांगितलं, की दार उघडंच होतं, टेबल मांडलेलं होतं, आणि अक्का खुर्चीवर बसल्या होत्या, त्याला वाटलं डोळा लागलाय. तो बराच वेळ समोर बसून राहिला होता, त्या जाग्या होतील म्हणून...

याला आता महिना होऊन गेला. माझी बहीण काही नावाजलेली बाई नव्हती. तिच्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहावं असं तिनं काय केलं, असं कुणी विचारलं तर मला पटकन सांगता यायचं नाही. तिनं लोकांना जेवायला घातलं, एवढंच. पण कुणाला आणि कशात, ते सांगण्यासारखं आहे.

आम्ही दोघी मावळातल्या एका खोऱ्यातल्या. गावाचं नाव सांगून उपयोग नाही. ते आता पाण्याखाली आहे. आमचे वडील, आबा, भातशेती करायचे. अक्का दिसायला चांगली आणि कामाला चलाख, म्हणून तिला लोणावळ्याच्या डॉक्टरांचं स्थळ आलं. डॉक्टर, म्हणजे माझे दाजी, शिकलेले, मवाळ स्वभावाचे. त्यांचे वडील बंगले बांधायची कंत्राटं घ्यायचे. एक म्हातारा साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्यांनी त्याच्याकडून एक काचेच्या दारांचं कपाट आतल्या सगळ्या सामानासकट विकत घेतलं होतं. त्यात निळ्या वेलीच्या बारीक नक्षीची ताटं होती, कडेचा सोनेरी रंग झिजलेली. पैलू पाडलेल्या काचेच्या दारूच्या सुरया, त्यांची जड बुचं, उंच दांडीचे पातळ पेले, चांदीचे काटे-चमचे. साहेबाच्या आजीच्या वेळची ती भांडी होती म्हणे. काट्या-चमच्यांवर कुणाच्या तरी नावाची दोन अक्षरं कोरलेली होती. अक्कानं लग्न होऊन आल्यावर विचारलं, ही अक्षरं कुणाची? घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यावर ती मला म्हणाली होती, "कुणाच्या तरी माहेरची भांडी हायती गं ही. आन् आली बघ कुटं."

दाजींकडे साहेबलोक औषधाला यायचे, अधूनमधून जेवायलाही. सुरुवातीला अक्का स्वयंपाकघरातून बाहेर पडत नसे. पण शेजारच्या बंगल्यातल्या बानूबाई नावाच्या पारशी बाईंनी तिला हाताशी धरलं. कुठला पेला कशासाठी, सुरई किती आधी भरून ठेवायची, काटा कुठल्या हाताला, पाहुण्याला ताट रिकामं झाल्यासारखं वाटायच्या आत कसं वाढायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. दारूचा वास अक्काला शेवटपर्यंत सहन झाला नाही, पण ते पेले ती स्वतः धुवायची. गरम पाण्यात एकेक बुडवून, जुन्या मलमलीनं पुसून, खिडकीच्या उजेडात धरून बघायची. मला तिनं आपल्याकडे ठेवून शाळेत घातलं, पुढे पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात पाठवलं. सुट्टीत आले की तो मलमलीचा तुकडा माझ्याही हातात असे.

मग आमच्या खोऱ्यात धरणाची मोजणी सुरू झाली. पाणी अडवायचं, त्यावर वीज करायची, ती मुंबईला न्यायची. शेतात खुंट्या ठोकल्या गेल्या. आबा आणि गावातली चार जाणती माणसं चालत लोणावळ्याला आली. त्यांचं म्हणणं साधं होतं. धरणाचा मोठा साहेब दाजींकडे येतो-जातो. दाजींनी त्याच्या कानावर घालावं, की धरण थोडं वर सरकवा, गाव राहू द्या. दाजींनी मान खाली घातली. ज्यांच्याबरोबर मी जेवतो त्यांच्याकडे मागू कसं, असं ते म्हणाले. त्यात कोडगेपणा नव्हता, त्यांना खरंच जमण्यासारखं नव्हतं. माणसं ओसरीवर भाकरी खाऊन परत निघाली. ती फाटकातून बाहेर पडल्यावर अक्का दाजींना म्हणाली, तुम्ही फक्त जेवायला बोलवा. मी टेबलावर बसते. मी सांगते.

तोवर ती साहेबांच्या टेबलावर कधी बसली नव्हती. दाजी हो म्हणाले. नाही म्हणायचंही त्यांना जमलं नसावं.

पुढचे काही आठवडे आम्ही दोघी त्या जेवणाच्याच मागे होतो. बोलायचं काय ते मी इंग्रजीत जुळवून दिलं. मोजकीच वाक्यं होती. भांडी घासताना ती पुटपुटायची, अडखळली की माझ्याकडे बघायची. बानूबाईंनी खानसामा दिला, बर्फ पुण्याहून गाडीनं आणवला. शेवटी गोड म्हणून पुडिंग करू, असं बानूबाई म्हणत होत्या. अक्कानं ऐकलं नाही. आबांनी आपल्या शेतातला आंबेमोहोर पाठवला होता. त्याची खीर करायची आणि ती त्या उंच दांडीच्या पेल्यांतून द्यायची, असं तिनं ठरवलं. बानूबाई आधी हसल्या, मग एका पेल्यात पांढरी खीर भरून बघितल्यावर त्यांनी पुडिंगचं नाव काढलं नाही.

ते टेबल मला अजून दिसतं. पांढरी चादर, मेणबत्त्या, सुरईतल्या लाल वाईनची चादरीवर पडलेली झाक, मधोमध बागेतली फुलं. साहेब, त्याची मडम, बानूबाई आणि त्यांचे यजमान, दाजी, मी, आणि टोकाला हिरव्या लुगड्यात अक्का. तिनं काटा अगदी बरोबर धरला होता. मडमेला ती भांडी इतकी आवडली की ती रिकामं ताट उलटं करून मागचा शिक्का बघू लागली. असं सामान आता विलायतेतही बघायला मिळत नाही, असं म्हणाली. साहेब मोकळा माणूस होता. पोटभर जेवत होता, दाजींची चेष्टा करत होता. दाजी सुरई दोन्ही हातांनी धरून त्याचा पेला भरत होते.

खीर आली. साहेबानं पहिला चमचा घेतला आणि थांबला. हा वास कशाचा, कुठलं अत्तर घातलंय, असं त्यानं विचारलं. अक्कानं सांगितलं, काही घातलेलं नाही, हा तांदळाचाच वास. कुठला तांदूळ, त्यानं विचारलं. मग ती बोलली. पाठ केलेली वाक्यं नव्हेत, ती अक्का विसरली असावी. मोडक्या इंग्रजीत, पण न थांबता तिनं सांगितलं, की हा माझ्या वडिलांच्या शेतातला तांदूळ आहे, ते शेत तुमच्या खुंट्यांच्या आत आलं आहे, तिथं देऊळ आहे, माझ्या आईला अग्नी दिला ती जागा आहे, माणसं जातील कुठं? धरण जरा वर घेता येणार नाही का?

सगळे चमचे थांबले. साहेब उठून गेला असता किंवा हसला असता तर पुढे आम्हाला रागवायला तरी कुणी मिळालं असतं. तसं झालं नाही. त्यानं चमचा खाली ठेवला, चेहरा उतरला त्याचा. तो दाजींशी नाही, तिच्याशीच बोलला. बाई, मी फक्त बांधणारा आहे. जागा मुंबईत ठरली आणि कागदांवर सह्याही झाल्या. पावसाळा सरला की काम सुरू होईल. मला हे आधी माहीत असतं तर मी तुमच्याकडे जेवायला येण्याचं धाडस केलं नसतं... असंच काहीसं तो म्हणाला. मडमेच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं खोटं आश्वासन दिलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं आजही म्हणेन. पण त्यामुळे त्या टेबलाभोवती असं एकही माणूस उरलं नाही की ज्याच्या हातात काही आहे.

मग अक्का म्हणाली, "खीर निवतीय. खाऊन घ्या." हे ती मराठीत म्हणाली. मी भाषांतर केलं. आणि सगळ्यांनी, साहेबानंसुद्धा, मान खाली घालून पेले रिकामे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. अक्कानं त्यांना काय झालं ते सगळं सांगितलं. आबा ऐकत होते. नंतर त्यांनी विचारलं, "पाव्हना जेवला का पोटभर?"

"जेवला, आबा."

"आन् भाताचा वास आला का त्येला?"

"आला. त्येनंच इचारलं."

तेव्हा आबांनी उपरण्यात तोंड लपवलं. आबांना रडताना मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

पुढचं सगळं लोकांना ठाऊक आहे, निदान मावळातल्या लोकांना. भिंत उठली, पाणी चढलं. गावाची दाही दिशांना पांगापांग झाली. कुणी भाजे गावात मजुरीला, कुणी रेल्वेच्या कामावर, कुणी घाट उतरून खाली. आबांना दुसरीकडे जमीन मिळाली, पण तिथं ते दोन पावसाळेही टिकले नाहीत.

मला वाटलं होतं, अक्का ते कपाट आता कायमचं बंद करील. तिनं नेमकं उलटं केलं. बाजाराच्या दिवशी आमच्या गावची माणसं लोणावळ्यात यायची. ती त्यांना हाक मारून घरी आणायची, टेबलावर बसवायची, आणि निळ्या वेलीच्या ताटांत भाकरी-कालवण वाढायची. पाणी त्या उंच दांडीच्या पेल्यांतून. माणसं संकोचून जायची. सुरुवातीला तर जमिनीवर बसतो म्हणून हटून बसायची. "सायबाला ह्याच ताटात वाढलंय म्या," अक्का म्हणायची. "तुमी त्येच्याहून परके हायसा का?" एकदा एका म्हाताऱ्याच्या हातून पेला फुटला. तो बिचारा भेदरून उभा राहिला. अक्कानं तुकडे गोळा केले आणि त्याच्यासमोर तसलाच दुसरा पेला ठेवला. दाजी हे सगळं बघत असत. एका शब्दानं ते कधी आडवे आले नाहीत. कधीकधी स्वतः सुरईतून पाणी ओतायला पुढे होत. ते गेल्यावर अक्का एकटीनं हे चालवत राहिली. लढाईच्या दिवसांत तांदूळ मिळेना, तेव्हा रेशनवर मिळेल त्या धान्याच्या भाकरी त्या ताटांत पडल्या. मी तिला म्हणायची, अगं, तुझीच ओढाताण होतेय, आता पुरे कर. ती ऐकून घ्यायची, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा टेबल मांडायची.

दिवसकार्य झाल्यावर मी घर आवरायला तिथं राहिले. बंगला दाजींच्या पुतण्याकडे जाणार आहे, तो मुंबईला असतो. कपाटात आता थोडीच भांडी उरलीत, त्यांचं काय करायचं हे त्यानं मलाच ठरवायला सांगितलंय. मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यातच बाजाराचा दिवस आला. भाजे गावात राहायला गेलेली आमची बायजामावशी डोक्यावर पाटी घेऊन आली, फाटकातूनच अक्काला हाक मारत. गेले काही बाजार ती आली नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. ती पायरीवर बसली, डोळे पुसले. मी तिला आत नेलं, होतं ते वाढलं. तिनं नीट जेवून घेतलं, ताट स्वतः धुऊन ठेवलं, आणि परत येऊन खुर्चीवर बसली. मला वाटलं, दमली असेल. पण ती दाराकडे बघत होती. मी विचारलं, मावशी, कुणाची वाट बघताय?

"सखूची सून येती की या टायमाला. तिच्या पोरीच्या लग्नाचं बोलनं हितंच चाललंय. आन् धोंडू बी येतो घाटाखालनं..." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "बाई, आता आमी एकमेकास्नी कुटं भेटायचं?"

इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हणाले, तळेगावला माझ्याकडे या. ती समजुतीनं हसली. "तळेगाव लय लांब पडतं, बाई. आन् सगळ्यांस्नी सांगायचं तरी कुनी?"

दुपारच्या गाडीची वेळ होईपर्यंत ती तिथं बसली होती. मीही बसले, तिच्या समोरच्या खुर्चीवर. दार आम्ही उघडंच ठेवलं होतं.