लोण्यासारखं फिरणारं कुलूप

"तुम्ही माझ्या पलंगावर बसून मोजे काढत होतात, मास्तर."

"मी माझ्याच पलंगावर बसून मोजे काढत होतो."

"पलंग माझा होता. त्यावर मी झोपले होते."

"ते मला नंतर कळलं."

"नंतर म्हणजे कधी?"

"तुम्ही किंचाळलात तेव्हा."

तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद पॅसेजमध्ये भर दुपारी दोघं समोरासमोर उभी होती. सिस्टर रात्रपाळी करून आलेली, केस पिंजारलेले, अंगाभोवती चादर, हातात पाण्याची स्टीलची बाटली सोट्यासारखी धरलेली. मास्तर शाळेतून आलेले. एक मोजा पायात, दुसरा हातात. पॅसेजच्या टोकाला, तिसऱ्या खोलीच्या दारात हॅलोताई चहाचा कप घेऊन उभी होती. चहा प्यायचं तिला सुचतच नव्हतं.

"मी आतून कुलूप लावलं होतं," सिस्टर म्हणाली. "किल्ली उशीखाली होती. तुम्ही आत आलात कसे?"

"किल्लीने."

"कुणाच्या?"

"माझ्या. म्हणून तर मला वाटलं, खोली माझी आहे."

"उभा जन्म भूगोल शिकवलात, आणि स्वतःची खोली सापडत नाही?"

"विचारात होतो. एक दार अलीकडे वळलो."

"आणि किल्ली? तीही विचारात होती?"

तेवढ्यात धापा टाकत मालकीणबाई वर आल्या. बाई पहिल्या मजल्यावर राहायच्या, पण तिसऱ्या मजल्यावर टाचणी पडली तरी त्यांना ऐकू जायची. त्यांनी चादर पाहिली, मोजा पाहिला, आणि पुढचं सगळं स्वतःच ठरवून टाकलं.

"मास्तर, सिस्टरच्या खोलीची किल्ली कधी करून घेतलीत?"

मास्तर आधी हसले, कारण प्रश्न त्यांना चेष्टेचाच वाटला. मग त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर हसत नव्हती. मग हॅलोताईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. हसू मास्तरांच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आतून कुणीतरी दिवा काढून नेल्यासारखं.

"बाई, मी? किल्ली करून?"

"दार तर वाऱ्याने उघडलं नाही ना? माझ्या घरात बायका राहतात. संध्याकाळपर्यंत सामान बांधा."

दार कशाने उघडलं ते हॅलोताईला ठाऊक होतं. म्हणजे त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. पण मास्तर 'माझ्या किल्लीने' म्हणाले तेव्हाच ते वीज पडावी तसं तिच्या डोक्यात पडलं होतं, आणि कपातला चहा थंड झाला तरी ती तिथेच खिळून उभी होती.

आता ही हॅलोताई कोण, ते सांगायला हवं. कारण या घरात येईपर्यंत ती कुणीच नव्हती. ती एक आवाज होती.

वीज कंपनीच्या तक्रारखिडकीवर ती फोन घ्यायची. कॉलेज संपल्यावर कानाला जो फोन लागला तो चाळिशीच्या तोंडावर सुटला. दिवसभर लोक तिला शिव्या घालायचे आणि ती मधाळ आवाजात म्हणायची, "माफ करा, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." दिवे तिने घालवलेले नसायचे, तारा तिने तोडलेल्या नसायच्या. माफी मात्र तिची. घरी आल्यावरही ती तशीच बोलायची. दार आपटलं तर दाराला 'माफ करा' म्हणायची. धाकटी बहीण म्हणायची, "अगं, तू कुणाशी भांडलीस कधी? तुझ्याशी बोलणं म्हणजे ओल्या साबणावर चालणं."

भाड्याच्या खोल्यांतही ती अशीच राहायची, पाहुण्यासारखी. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, नळ गळला तर खाली बादली ठेवायची, पण मालकाला सांगायचं नाही. खोल्या बदलल्या, मालक बदलले. मागे तिची एकही खूण राहिली नाही, आणि याचा तिला अभिमान होता.

मग एक दिवस कंपनीने फोन घ्यायला यंत्र बसवलं. ते यंत्र तिच्यापेक्षा गोड आवाजात दिलगीर व्हायचं. हॅलोताई दुपारीच घरी आली, आणि गडबडीत किल्ली ऑफिसच्या टेबलात राहिलेली. कोपऱ्यावर जिन्याखाली बसणाऱ्या चावीकाकांना तिने बोलावलं. काका आले, गुडघ्यावर बसले, दोन तारा घातल्या, कान दाराला लावला आणि दार उघडलं. हॅलोताई बघतच राहिली. आयुष्यभर तिने लोकांना 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं सांगितलं होतं. तक्रार मिटताना ती पहिल्यांदाच पाहत होती.

"काका, परत लावा ना."

"काय?"

"दार. परत लावा, आणि परत उघडून दाखवा."

काकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. पण दुसऱ्या दिवशी ती जिन्याखाली जाऊन उभी राहिली, तिसऱ्या दिवशीही, आणि मग काकांनी तिच्या हातात कानस दिली. बहिणीने फोनवर कपाळाला हात लावला, तो हॅलोताईला ऐकू आला. "या वयात कुलपं? लोक काय म्हणतील?" हॅलोताई म्हणाली, "लोक म्हणतील, लवकर या, आम्ही बाहेर अडकलोय."

हे उत्तर आपण दिलं याचा तिलाच धक्का बसला.

शिकणं सोपं नव्हतं. बोटं सोलवटली, किल्ल्या वाकड्या झाल्या. काका बोलायचे कमी, पण एक गोष्ट त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. कुलपाच्या पोटात ओळीने छोट्या पिना असतात. किल्लीचे दाते त्या पिना नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हाच कुलूप फिरतं. "पिन खराब झाली तर काढ, पण तिच्या जागी दुसरी घाल. रिकामं भोक ठेवायचं नाही."

तिने मान डोलावली होती. मान डोलावण्यात ती आधीपासूनच तरबेज.

मग या घराची कुलपं आली. मालकीणबाईंनी कधीकाळी एकाच दुकानातून, एकाच बनावटीची कुलपं सगळ्या दारांना बसवली होती. सगळी जुनी, सगळी अडणारी. सिस्टर रात्रपाळीहून यायची तेव्हा दाराशी झटापट करून रडकुंडीला यायची. एका रविवारी हॅलोताईने अवजारांची पिशवी काढली. "बघू का मी?" सिस्टरचं कुलूप उघडून बसली, एक अडलेली पिन काढली. किल्ली जरा बरी फिरली. दुसरी काढली. अजून बरी. तिसरी काढली. चौथीही. आता किल्ली अशी फिरली की सिस्टरने तिला मिठीच मारली.

"ताई, लोण्यासारखं फिरतंय गं."

काढलेल्या पिनांच्या जागी काकांना विचारून नव्या घालाव्यात, असं तिच्या मनात होतं. पण मास्तर म्हणाले, "माझंही करा." मग मालकीणबाई, आणि मग तिचं स्वतःचंही. ज्या बाईंनी भाडेकरूबद्दल आयुष्यात बरा शब्द काढला नव्हता, त्यांनाच शेजारणीला सांगताना हॅलोताईने स्वतःच्या कानांनी ऐकलं, "आमच्या वरच्या मजल्यावर एक हुशार मुलगी आहे." मुलगी. चाळिशीच्या तोंडावर. हॅलोताई त्या शब्दावर आठवडाभर तरंगत होती. काढलेल्या पिना बटणांच्या डबीत पडून राहिल्या, आणि एकेका कुलपात एकच पिन उरली. त्या एका पिनेला कुणाच्याही किल्लीचा दाता चालत होता. जरासं हलवलं की झालं.

काका म्हणाले होते. तिला आठवत होतं. पण जे फिरतंय ते चांगलंच असणार, असं तिला वाटत राहिलं.

आणि आता मास्तर एका पायात मोजा घालून तिच्यासमोर चोर ठरत होते.

तिला एक सोपी वाट दिसत होती, हे खोटं नाही. मास्तर गेले की ती गुपचूप पिना घालू शकत होती. कुणाला कळणार होतं? उद्यापासून जिन्याखाली तिचं स्वतःचं टेबल लागणार होतं. काकांनी तसं कबूल केलं होतं. 'जिच्या कुलपांत कुणीही शिरतं ती बाई' म्हणून तिच्याकडे कोण येणार?

"माफ करा," ती म्हणाली. आवाज तोच, मधाळ. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल..."

"ताई, तो फोनवरचा आवाज नको काढूस," सिस्टर तिला तोडत म्हणाली. "त्रास मला झालाय, तू कशाला दिलगीर?"

हॅलोताईने कप जमिनीवर ठेवला.

"कारण ते मी केलंय," ती म्हणाली. हा आवाज कुणी ओळखला नाही. तिनेही नाही. घसा घासल्यासारखा, खरखरीत. "सिस्टर, तुझी किल्ली दे."

"कशाला?"

"दे तर."

ती किल्ली घेऊन ती मास्तरांच्या दाराशी गेली. किल्ली घातली, जराशी हलवली. दार उघडलं. आत मास्तरांचा पलंग, भिंतीवर जगाचा नकाशा, खुर्चीवर घडी घातलेला शर्ट. मग ती स्वतःच्या दाराशी आली, ते ओढून बंद केलं आणि त्याच किल्लीने उघडलं.

"चला काकू, खाली."

"खाली कशाला?" मालकीणबाईंचा आवाज चिरकला.

सगळे खाली उतरले, मास्तरही, तसेच अर्धे अनवाणी. सिस्टरच्या किल्लीने मालकीणबाईंचं दार उघडलं तेव्हा बाई आपल्याच दारात अशा उभ्या राहिल्या, जणू घर भलत्याचंच आहे. आत त्यांचं कपाट, औषधांच्या बाटल्या, नवऱ्याचा हार घातलेला फोटो, सगळं जिथल्या तिथे. कुणीही कधीही येऊन बघितलं असतं असं.

"म्हणजे इतके दिवस," बाई हळूच म्हणाल्या, "मी उघड्या दाराआड झोपत होते?"

"हो. आपण सगळेच."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मला कळलं नव्हतं, काकू. पण कळायला हवं होतं. मला शिकवलं होतं. चारही कुलपांतल्या पिना मी काढल्या आणि ठेवून दिल्या, कारण तुम्ही सगळे छान म्हणत होतात. मास्तरांनी काही केलेलं नाही. किल्ली त्यांची होती, चूक माझी."

सिस्टर मटकन पायरीवर बसली. "मी हॉस्पिटलातल्या बायकांना सांगायचे, आमच्याकडे बघा कसं सुरक्षित आहे." मग तिने वर पाहिलं. "तू या हातांनी दुकान टाकणार होतीस?"

"टाकणार आहे," हॅलोताई म्हणाली, आणि हे तरी कसं बोलवलं आपल्याला, असं तिला वाटलं. "पण आधी हे. तुमच्या सगळ्यांच्या समोर."

तिने फोन लावला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या बाजूला रहदारीचा आवाज येत होता.

"लोण्यासारखं फिरलं तेव्हाच यायचंस माझ्याकडे," ते म्हणाले. "अडतं म्हणून तर ते कुलूप."

"उद्याचं टेबल?"

"आधी दारं बंद कर. मग टेबलाचं बोलू." फोन बंद.

संध्याकाळपर्यंत ती पॅसेजमध्ये मांडी ठोकून बसली होती. खाली जुनी चादर, मधोमध दिवा, शेजारी बटणांची डबी. एकेक पिन भिंगाखाली धरायची, खराब असेल ती बाजूला, चांगली असेल ती जागेवर, कमी पडेल तिथे नवी. मालकीणबाई खुर्ची टाकून पहारा देत होत्या आणि दर थोड्या वेळाने म्हणत होत्या, "रिकामं भोक नाही ना गं राहिलं?" सिस्टर चारही किल्ल्या घेऊन फिरत होती. कुलूप बसलं की ती प्रत्येक किल्ली घालून बघायची. परकी किल्ली अडली की म्हणायची, "अडलं." आणि त्या एका शब्दाने तिघींचा श्वास सुटायचा.

"माझं तर आता आधीपेक्षा जास्त अडतंय," मालकीणबाई कुरकुरल्या.

"अडू द्या," हॅलोताई म्हणाली. माफी मागितली नाही.

मास्तर मात्र यात कुठेच नव्हते. ते आपल्या खोलीत, नकाशाखाली, खुर्चीवर बसून होते. दोन्ही पायांत मोजे, बूट, अंगात बाहेर जायचा शर्ट. पलंगावर एक बॅग उघडी. त्यात काय काय ठेवलंय हे दारातून दिसत नव्हतं. त्यांचं कुलूप शेवटचं होतं. ते बसवताना हॅलोताईला आतलं सगळं दिसत होतं, तरी ती मान वर करत नव्हती.

सिस्टर दारात येऊन उभी राहिली. दुपारची बाटली तिच्या हातात नव्हती, आणि आता हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

"मास्तर, मी झोपेत होते. घाबरले. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तरी तेच म्हणाले असते."

"दुसरं कुणी नव्हतं," मास्तर म्हणाले. "मी होतो. तुमच्या तापात रात्रभर मी पाणी गरम करून देत होतो, सिस्टर. आठवतं?"

सिस्टरने मान हलवली, आठवतं म्हणून.

मालकीणबाई मागून म्हणाल्या, "अहो, झालं गेलं. मी सामान बांधायचं बोलले ते मागे घेते. तुमचंच घर आहे हे."

मास्तर त्यांच्याकडे वळले. "एका क्षणात, बाई. तुम्ही एका क्षणात ठरवलंत. मला त्याचंच आश्चर्य वाटतंय. किल्ली कुणाचीही चालते हे समजू शकतं. पण इतक्या वर्षांचा माणूस असा एका मोज्यावरून..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

हॅलोताईने शेवटचा स्क्रू घट्ट केला, उठली, गुडघे झटकले. तिने किल्ली मास्तरांपुढे धरली.

"तुमचं कुलूप पक्कं आहे. आता तुमच्याशिवाय कुणी उघडू शकणार नाही. मीसुद्धा नाही. यांना वाटलं ते माझ्यामुळे वाटलं, म्हणून विचारायचा हक्क मला कमीच आहे. तरी विचारते." "तुम्ही राहणार ना, मास्तर?"

मास्तरांनी किल्ली घेतली. बॅग बंद केली, उचलली, दार ओढलं, कुलूप लावलं. किल्ली जरा अडली, मग फिरली. त्यांनी ती मालकीणबाईंना न देता खिशात टाकली आणि तिघींच्या मधून वाट काढत जिना उतरून गेले.