घडीचं टेबल

माझ्या आतोबांइतका चोखंदळ माणूस यमुनेच्या अलीकडे नव्हता आणि पलीकडेही नव्हता, हे मी दोन्ही तीरांवर राहून सांगतो आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सरकारी कचेरीच्या खरेदी विभागात त्यांची हयात गेली. टाचणीसुद्धा निरनिराळ्या ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय घ्यायची नाही, हा तिथला नियम त्यांनी निवृत्तीनंतर घरी आणला होता. भाजीवाल्याकडे दुधी घ्यायचा तर ते आधी सगळे दुधी रांगेत मांडून घेत, एकेक वाजवून पाहत, भाजीवाल्याला दुधी कसा असावा हे समजावून सांगत आणि शेवटी तोंडली घेऊन येत. दिल्लीतल्या मयूर विहारचा फ्लॅट ताब्यात घेण्यापूर्वी ते हिवाळ्यात ऊन पाहून आले, उन्हाळ्यात वारा पाहून आले आणि पावसाळ्यात गळती पाहून आले. तोवर सोसायटीतली बाकीची मंडळी राहायला येऊन त्यांची आपसात भांडणंही सुरू झाली होती. मुलीसाठी स्थळ मात्र त्यांनी पहिलंच पसंत केलं, कारण तिथे आत्याने त्यांना तोंड उघडू दिलं नाही.

त्यात ते दिवस असे, की बाजारात एकाएकी सगळंच मिळू लागलं होतं. आतोबांच्या उमेदीच्या काळात स्कूटर हवी असली की नंबर लावायचा आणि जी येईल ती गोड मानून घ्यायची. निवडायचं काही नसे, फक्त वाट पाहायची असे. आता एकेका वस्तूच्या दहा तऱ्हा दुकानात मांडलेल्या, म्हणजे आतोबांना मोकळं रानच मिळालं. टीव्ही कुठला घ्यावा याचा त्यांचा अभ्यास चालू असताना शेजाऱ्यांचा पहिला टीव्ही जुना होऊन दुसरा आला. मी तेव्हा साताऱ्याहून नोएडाच्या एका खासगी कंपनीत नोकरीला आलो होतो आणि त्यांच्याकडेच राहत होतो. रविवारी कंपनी सुट्टी देई, आतोबा देत नसत.

तर शिवणाच्या मशीनचं टेबल. आत्याचं मशीन जुनं, हाताने हँडल फिरवायचं, चांगलं वजनदार. सरकारी क्वार्टरमध्ये ते एका ऐसपैस टेबलावर असे. नव्या इमारतीच्या जिन्यात ते टेबल काही केल्या वळेना, म्हणून कुणाला तरी देऊन टाकलं आणि आत्या जमिनीवर बसून शिवू लागली. हळूहळू गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आणि मशीनवर चादर पडली. नेमकं तेव्हाच ताईला, म्हणजे त्यांच्या मुलीला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. बाळाची झबली-टोपडी आजीने आपल्या जुन्या मऊ लुगड्यांची शिवायची, असा आत्याकडचा रिवाज. दुकानांतून तयार कपडे हारीने टांगलेले असत, पण ते हातात घेतले की तिचा चेहरा उतरे. "माझ्या आईने ताईची शिवली होती," ती मला एकदा म्हणाली, "मी काय विकतची आणू?" तेव्हा टेबल हवं होतं आणि ते बाळाच्या आधी हवं होतं.

आतोबांनी हे काम स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि खरी काळजी तिथेच सुरू झाली. टेबल सकाळी बाल्कनीतल्या उन्हात आणि दुपारी आतल्या खोलीत नेता यायला हवं, पाहुणे आले की घडी होऊन दारामागे जायला हवं, आणि मशीन चालताना तसूभरही हलता कामा नये. हे तपासायला ते मशीनच चादरीत बांधून रिक्षाने दुकानोदुकानी नेत. टेबलावर मशीन ठेवायचं, शेजारी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा आणि मी हँडल फिरवायचं. पाणी सांडलं की टेबल नापास. एका दुकानात कुणीतरी त्यांना शिंपी समजून पँट आखूड करायला दिली. आतोबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि कापड हलकं आहे म्हणून परत केली. प्लास्टिकचं टेबल डगमगलं, पत्र्याचं वाजलं, लाकडी उचलेना. तिकडे ताईला सातवा महिना लागला.

शेवटी त्यांनी गाझियाबादचा एक सुतार शोधून काढला. आतोबांना आपल्या हिंदीचा फार अभिमान. त्यांनी सुताराला स्वच्छ शब्दांत सांगितलं, की हमको घडी का टेबल चाहिए. मी शेजारीच उभा होतो आणि मला त्यात काहीही खटकलं नाही. घडी होणारं टेबल, यात मराठी माणसाला खटकण्यासारखं आहे काय? घडी कुठे राहणार, असं सुताराने विचारलं.

"दरवाजे के पीछे," आतोबा म्हणाले. "मेहमान आए तो दिखनी नहीं चाहिए."

सुतार जरा विचारात पडला. "मशीन भारी है?"

"बिल्कुल. पुराने जमाने की है, पूरा लोहा."

"चलाता कौन है?"

"हमारी मिसेस. हाथ से."

सुताराने मान डोलावली. मशीनच्या तळाचं माप आतोबांनी दिलं, पण उंचीचा आकडा द्यायला ते तयार होईनात. आकडे बघून टेबलं करतात म्हणूनच ती हलतात, असं त्यांचं मत होतं. उंची एवढीच ठेवा, की देखने के लिए गर्दन झुकानी न पड़े, असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही समाधानाने परतलो.

टेम्पोतून जे उतरलं ते छातीपर्यंत उंच होतं. चार जाडजूड पाय, वर मशीन जेमतेम मावेल एवढी फळी आणि फळीखाली कोरलेली वेलबुट्टी. ते मिटत तर नव्हतंच. सुताराने ते कौतुकाने पुसलं आणि आता तुमचं ते जुनं घड्याळ आणा, लावून बघू, असं हिंदीत म्हणाला. आतोबांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. मग खुर्चीत बसून त्यांनी मला हळूच विचारलं, "आपल्या घडीला हिंदीत काय म्हणतात रे?" मलाही ते ठाऊक नव्हतं.

त्यानंतर आतोबा कशालाच नावं ठेवीनात. जेवणात मीठ कमी होतं तेही त्यांनी सांगितलं नाही, तेव्हा आत्या घाबरली. दुसऱ्याच दिवशी ती आठवड्याच्या बाजारात गेली आणि समोर दिसलं ते पहिलं उंच स्टूल उचलून घेऊन आली. मशीन त्या घड्याळाच्या टेबलावर चढवलं, स्वतः स्टुलावर बसली. गुडघे दुखेनात, टेबलही हलेना. अडचण एकच होती. फळी इतकी अरुंद, की कापड टेकायला जागाच नव्हती. ते दोन्ही हातांनी तोलून धरावं लागे, मग हँडलला हात उरत नसे. आतोबा उठले आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

पुढे ताईचं बाळंतपण होईपर्यंत ते रोज सकाळी असेच उभे असत. आत्या म्हणायची, "हळू." आत्या म्हणायची, "थांबा आता." साऱ्या दिल्लीच्या बाजाराला दोष देणारा हा माणूस तिच्या शब्दाबरोबर थांबत असे. एकदा थांबायला उशीर झाला आणि एका झबल्याची बाही वाकडी गेली. बारशाला आत्याने नातीला नेमकं तेच घातलं.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आत्याच्या वापरायच्या चादरींना टिपा घालायच्या राहिल्या आहेत असं दिसलं, म्हणून मी मध्यंतरी एका मॉलमधून तिला टेबल आणून दिलं. एका हाताने उचलता येणारं, खट्कन मिटणारं. दुकानात मी त्यावर भरलेला पेला ठेवून हादरवून पाहिलं. विक्रेता मुलगी हसली, पण पाणी सांडलं नाही. आतोबांनीसुद्धा ते पास केलं असतं. आत्याने त्याचं तोंडभर कौतुक केलं. पुढच्या खेपेला गेलो तर ते घडी होऊन दारामागे उभं होतं आणि मशीन आपलं घड्याळाच्या टेबलावर, चादरीखाली. का गं, आवडलं नाही का, असं मी विचारलं.

"छान आहे रे," ती म्हणाली. "पण हँडल कोण फिरवणार?"

नव्या टेबलावर कापडाला भरपूर जागा आहे, तिथे एकटीलाही शिवता येईल, हे मी तिला सांगणार होतो. पण तिला ते माहीत होतं. मला आतोबांची फार आठवण आली. मी चादर काढली, चहा होईपर्यंत जरा शिवून घेऊ म्हटलं, आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.