चाकामागचा दगड

आधीच सांगते — मी नांदेडला सगळा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं, आणि आमच्या बौद्ध घरात नवस, अंगारे, भानामती यांना कधी थाराच नव्हता. कुणाच्या अंगात आलंय म्हटलं की आमचे आबा म्हणायचे, आधी त्याला पोटभर जेवू घाला. त्यामुळे अशा गोष्टी वाचून मी आजवर हसतच आले. आता तुम्ही हसा... माझी काही हरकत नाही.

आबा म्हणजे माझे वडील. एका बोअर मशीनवाल्याकडे जीपचे ड्रायव्हर होते. तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. पाट्यांवर नवा रंग मारलेला, पण खालून जुनं 'उस्मानाबाद' डोकावायचं. आणि दुष्काळ तर असा, की बोअरची गाडी गावात शिरली की माणसं हातातलं काम टाकून मागं यायची. उन्हाळ्याच्या सुटीत माय आणि मी आबांसोबत निघायचो. जीपमागं दोन चाकांचा छोटा ट्रेलर — त्यात पाण्याची टाकी, स्टोव्ह, ताडपत्री, अंथरुणं. लोहा, अहमदपूर, शिरूर अनंतपाळ, पार किल्लारीपर्यंत. जिथं बोअर, तिथं झाडाखाली आमचा संसार. आता लोक याला कॅम्पिंग म्हणतात अन् फोटो टाकतात!

त्या ट्रेलरनं मला जे शिकवलं ते बी.एड.नं शिकवलं नाही. स्टोव्ह सगळ्यात शेवटी भरायचा, म्हणजे उतरल्यावर आधी हाती लागतो. झोपताना डोकं चढाकडं. आणि मुख्य म्हणजे दगड. गाडी उतारावर थांबली की आबा ट्रेलरच्या चाकामागं दगड लावायचे, जरा तिरपा, टोक चाकाकडं. निघताना तो उचलून रस्त्याच्या कडेला ठेवणं ही माझी नोकरी. ड्रायव्हर लोक दगड तसाच टाकून जातात आणि मागून येणारा सायकलवाला त्यावर आपटतो, याची आबांना भारी चीड. आरशातून माझ्याकडं बघून विचारायचे, "बेबे, दगूड उचलला का?" मी "हाव आबा" म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही.

आता आबा शिरूरला माझ्या भावाकडं असतात. विसरभोळेपणा वाढत वाढत गेला, आणि गेल्या काही वर्षांत तर त्यांनी मलाही ओळखणं सोडलं. "मॅडम, च्या घ्या," म्हणतात. आपल्याच बापानं आपल्याला पाहुणीसारखं विचारावं... काळजात कळ येते हो. एकदा, फक्त एकदा त्यांनी 'बेबे' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

तो ट्रेलर पुढं आबांनीच विकत घेतला होता. नांदेडला आमच्या अंगणात पडून होता, कोंबड्या त्यात अंडी घालायच्या. आमचे मिस्टर म्हणाले, हाच घेऊन जाऊ, बघून कदाचित आठवेल त्यांना. डोकं कधी कधी चालतं मिस्टरांचं. मग रंग मारला, नवे टायर टाकले, स्टोव्ह अन् ताडपत्री भरली, आणि गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तो मिस्टरांच्या जीपला जोडून जुन्याच रस्त्यानं, जुन्याच ठिकाणी थांबत निघालो. मी वाटभर बडबडत होते आणि मिस्टर हं हं करून राहिले होते.

शिरूरच्या अलीकडं एक चढ आहे, तिथं चिंच. आमचा जुना मुक्काम. भर दुपारी तिथं थांबलो. मिस्टरांनी स्टोव्ह काढला आणि सावली बघून बसले ते नेमके ट्रेलरच्या मागं, पाठ करून. मी जीपमधून साखर काढत होते. तेवढ्यात खाडकन आवाज! ट्रेलर जोडायची पिन तुटली, टायर नवे घातले पण पिन जुनीच ठेवली होती आम्ही शहाण्यांनी. पुढचा दांडा जमिनीवर आदळला आणि ट्रेलर मागं सरकला, थेट मिस्टरांच्या पाठीकडं.

वीतभर सरकला आणि थांबला.

चाकामागं दगड होता. काळा, तिकोनी. जरा तिरपा, टोक चाकाकडं.

मी म्हटलं, बरं झालं तुम्ही दगड लावला. ते म्हणाले, मी कुठं, मला वाटलं तू लावलास. रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. आधीपासून पडलेला असेल म्हणावं, तर येताना चाक त्याच्यावरून चढलं नसतं का, धक्का बसला नसता का आम्हाला? चहा राहिला बाजूला, ट्रेलर साखळीनं कसाबसा बांधला आणि निघालो.

भावाच्या अंगणात ट्रेलर उभा केला. आबा ओसरीवर खुर्चीत होते. भाऊ आणि वहिनी समोरच उभे. आबांनी ट्रेलरकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"बेबे, दगूड उचलला का?"

मला रडूच फुटलं. खोटं बोलावं वाटलं, पण त्या प्रश्नाला मी कधीच खोटं बोलले नव्हते. "न्हाई आबा... राहिला."

"मग जा की माघारी. मागून कुणी येत आसंल."

ट्रेलर तिथंच सोडून आम्ही तस्सेच परत गेलो. रस्ता मोकळा होता. दगड चिंचेच्या मुळाशी ठेवला होता, अगदी मी लहानपणी ठेवायचे तसा, डांबरापासून पार लांब.

येऊन सांगितलं, "उचलला, आबा." ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, च्या घ्या."

आता तुम्ही म्हणाल, ट्रेलर दिसला आणि जुनी सवय तोंडात आली. मान्य, मीही तेच म्हणते. कुणी मेंढक्यानं दगड बाजूला केला असेल, तेही मान्य. पण तो लावला कुणी, याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. त्यानंतर आबांनी मला 'बेबे' म्हटलेलं नाही. तरी आता कुठंही गाडी थांबली की निघताना मी खाली उतरते, चाकं बघते, आणि शेजारी कुणी असो-नसो, मोठ्यानं "हाव आबा" म्हणते. मगच मिस्टर गाडी हलवतात.